हिरव्या फितीची पदकं: प्रकल्प नोंदी

रविवार, ७ जानेवारी २०२४

जुन्या बाजारात लवकर गेलं तर माल असतो पण भाव चढा असतो. उशिरा गेलं तर भाव उतरतो आणि माल गेलेला असतो. आज अकराच्या सुमारास गेलो. नळाच्या तोट्या, बंद घड्याळं आणि कुठल्यातरी पतसंस्थेचे स्टीलचे पेले यांच्या मधोमध डालड्याचा डबा होता, त्यात शाळांचे आणि स्काउटचे बिल्ले. तळाशी काळं पडलेलं एक पदक. वर सरळ दांडी आणि दांडीत मळकट हिरवी चिंधी. चिंधी बघूनच ओळखलं.

"काका, लढाईचं मेडल आहे. साडेचार हजार."

लढाईचं नव्हतं. मागच्या बाजूला स्पष्ट वाचता येत होतं की हे स्वयंसेवक दलातल्या दीर्घ सेवेबद्दल दिलंय. पण बाजारात आपलं ज्ञान पाजळलं की भाव वाढतो, म्हणून गप्प बसलो. ३,२०० ला सुटलं. पैसे मोजताना तो म्हणाला, "तुम्ही आला नसता तर उद्या सराफाकडं मोडीत घालणार होतो." ही धमकी नसते. चांदीच्या भावानं त्याचे दोन हजारांच्या वर आलेच असते, आणि अशी किती पदकं आजवर वितळून वाळ्या-जोडवी झाली असतील याचा हिशेब नाही.

हे अकरावं. सहा वर्षांत अकरा पदकं जमली आणि सगळी बुटाच्या खोक्यात पडून आहेत. आजपासून वही घातली. मापं, वजन, फोटो, कडेवरचं नाव, तुकडी. जमेल तेव्हा लिहायचं.

मंगळवार, ९ जानेवारी

पिंपरीत तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी मायक्रोमीटर शोधतो. व्यास ३६ मिमी, चार दिशांनी घेतला, फरक नगण्य. म्हणजे कड कोणी तासलेली नाही. वजन दांडीसकट ३२.१ ग्रॅम. मग आमच्या सौ.च्या भाषेत ‘स्वयंपाकघरातला धिंगाणा’: काट्यावर पाण्याचं भांडं, वरून दोऱ्यानं पदक पाण्यात टांगलेलं, तळाला न टेकू देता. पाण्यात ३.१ ग्रॅमची घट. भागाकार, म्हणजे घनता, १०.३५. स्टर्लिंग (साडेब्याण्णव टक्के) चांदीचं उत्तर एवढंच यायला हवं. जर्मन सिल्व्हरची नक्कल असती तर साडेआठ-पावणेनऊच्या आसपास आलं असतं. फितीला पाणी लागू नये म्हणून आधी ती दांडीवरून अलगद सरकवून काढली होती. काढताना दोन धागे तुटले, ते पाकिटात ठेवले.

सराफ कसोटीवर घासून सांगतो, पण घासलेला माल तो त्याचा असतो. माझा मी घासू देत नाही.

शुक्रवार, १२ जानेवारी

कड वाचली. या पदकांचा खरा मजकूर कडेवरच असतो. दर्शनी बाजूला राजा सगळ्यांचा सारखा आणि मागची बाजूही सारखीच. कोणाचं, कुठल्या तुकडीचं, हे फक्त त्या तीन मिलिमीटरच्या पट्टीत. भिंग लावून, खिडकीचा उजेड तिरपा घेऊन दोन तास लागले. आधी ‘प्रायव्हेट’चं (म्हणजे साध्या शिपायाचं) लघुरूप, मग नाव, मग ‘जी. आय. पी. रेल्वे रेजिमेंट, ए. एफ. आय.’ जी. आय. पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे.

नाव वहीत आहे, इथे लिहीत नाही. नातवंडं-पतवंडं कुठेतरी असणार. यापुढे त्याला ‘अकरा नंबर’ म्हणेन.

ए. एफ. आय. म्हणजे ऑक्झिलरी फोर्स, इंडिया, हिंदुस्थानातलं हौशी शिपायांचं दल. हे नाव १९२० च्या कायद्यानं आलं. तेव्हा पदक १९२० नंतरचं आणि १९३० च्या आधीचं, कारण १९३० ला हे पदकच बंद झालं. राजाच्या मुकुटधारी मुखवट्याभोवती ‘जॉर्जियस पाचवा कैसर-ए-हिंद’ असं रोमन लिपीत. व्हिक्टोरिया राणीच्या वेळच्या माझ्या दोन पदकांवर ते नाही, त्यांच्यावर लॅटिनमध्ये ‘राणी आणि सम्राज्ञी’.

जी. आय. पी. वाचल्यावर जरा थांबलो. आमचे आजोबा जी. आय. पी.तच, भुसावळच्या लोको शेडला.

सोमवार, १५ जानेवारी

संक्रांत. काम बंद. तिळाच्या वड्या करायला भाऊजी हवेत म्हणून वहिनींनी बोलावलं होतं.

शनिवार, २० जानेवारी

एक मूर्खपणा नोंदवून ठेवतो. कडेचा फोटो काढताना पदक उभं राहायला हवं. नातवाची रंगीत क्ले घेतली, त्यात रोवलं आणि पोळपाटावर ठेवून पोळपाट थोडाथोडा फिरवत चौदा फोटो काढले. पोळपाटाची युक्ती उत्तम चालली. रात्र झाली, पदक तसंच राहिलं. सकाळी बघतो तर क्ले लागलेल्या भागावर काळी-जांभळी चंद्रकोर. काही प्रकारच्या क्लेमध्ये गंधक असतं आणि चांदीचं गंधकाशी किती जमतं हे शाळेत शिकलो होतो. रबरबँडचं, लोकरीच्या कापडाचं तेच. बुटाच्या खोक्यात मी सगळ्यांना रबरबँडच लावले होते, सहा वर्षं.

डाग काढायला गेलो नाही. चांदीवरचा काळेपणा म्हणजे चांदीच असते, घासली की तेवढी गेली. माझं सात नंबर आधीच्या मालकानं भांड्यांच्या पावडरनं इतकं लखलखीत केलंय की राणीच्या पदराच्या चुण्या गुळगुळीत झाल्यात, नाक सपाट. कडेवरची अक्षरं बोटाला लागत नाहीत, फक्त दिसतात. पाच वर्षांत आणखी एकदा घासलं असतं तर तीही दिसली नसती.

आता प्रत्येकाला बिनआम्लाच्या कागदाची घडी आणि वर पॉलिएस्टरचं पाकीट. मऊ प्लास्टिकची नाण्यांची पाकिटं असतात, त्यातून काही वर्षांनी चिकट हिरवं पाझरतं, तीही काढून टाकली. कपाटात कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या नाहीत, वेखंड. डांबरगोळी चांदीला काय करते हे मला तपासायचं नाही.

शनिवार, २७ जानेवारी

अकराही पदकं टेबलावर मांडली. तुकड्यांप्रमाणे लावली तर पाच रेल्वेची, चार शहरांच्या रायफल कोअरची, एक घोडदळाचं आणि एक सगळ्यात नवं, वेगळ्याच जातीचं, त्याचं शेवटी.

नवख्या माणसाला समजावं म्हणून एकदा लिहून काढतो. विलायतेत हौशी शिपायांची दलं होती. नोकरी-धंदा सांभाळून कवायत करणारे. वीस वर्षं केली की काही मिळावं म्हणून १८९४ ला हे पदक काढलं. १८९६ ला ते हिंदुस्थानाला आणि वसाहतींना लागू झालं. मग १८९९ ला वसाहतींसाठी ‘कलोनियल ऑक्झिलरी फोर्सेस’चं वेगळं पदक निघालं, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ वगैरे तिकडे गेले आणि जुनं पदक विलायत आणि हिंदुस्थानापुरतं उरलं. विलायतेत १९०८ ला व्हॉलंटिअर दलांच्या जागी टेरिटोरियल फोर्स आल्यावर तिथेही ते संपलं. अपवाद आइल ऑफ मॅनचा. त्या बेटावर टेरिटोरियलचा कायदा लागूच झाला नाही, तिथले गडी व्हॉलंटिअरच राहिले. असल्या बारीक फटीतून संग्राहकांचं आयुष्य जातं.

अधिकाऱ्यांना हे पदक नाही. त्यांना वेगळी ‘व्हॉलंटिअर ऑफिसर्स डेकोरेशन’, लंबगोल, ओकच्या पानांच्या चांदीच्या वेलीत मधे सोनेरी राजचिन्ह. ती मिळाली की नावापुढे ‘व्ही. डी.’ लिहायचं. गुप्तरोगांचं इंग्रजी लघुरूपही हेच, तेव्हा या दोन अक्षरांवरून साहेब लोकांत काय विनोद होत असतील ते डॉक्टर मंडळींना सांगायला नको. फीत मात्र दोघांची हिरवीच, साधी.

१९३० नंतर सगळ्यांचं मिळून ‘एफिशिअन्सी मेडल’. वीसऐवजी बारा वर्षं, हिरव्या फितीला दोन्ही कडांना पिवळी किनार, आणि दांडीच्या वर देशाच्या नावाची पट्टी. आपल्याकडच्यावर ‘इंडिया’. माझ्याकडे एक आहे, तेच अकरांतलं वेगळ्या जातीचं.

रविवार, ११ फेब्रुवारी

आठ नंबरनं घात केला. तीन वर्षांपूर्वी एका डीलरकडून घेतलेलं, कडेवर बॉम्बे लाइट हॉर्स. संग्रहातलं सगळ्यात महाग. घोडदळवाल्यांची पदकं कमी सापडतात कारण माणसंच कमी होती. स्वतःचा घोडा बाळगणारे मुंबईचे व्यापारी, वकील, बँकवाले. रेल्वेवाले शेकड्यांनी होते. म्हणून भाव वेगळा.

आज पहिल्यांदा मायक्रोमीटर लावला. एका दिशेला ३५.९८, तिच्या काटकोनात ३५.५५. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मग कड उजेडासमोर धरून पट्टीच्या धारेवर फिरवली. जिथे नाव आहे तिथे धार आणि कड यांच्यामधून उजेडाची रेघ येते. म्हणजे नावाच्या जागी खड्डा. कानशीनं मूळ नाव घालवून तिथे नवं कोरलंय. भिंगातून पाहिलं तर एका अक्षराच्या बुडाशी जुन्या अक्षराचा पाय शिल्लक आहे, ‘R’ असावा किंवा ‘K’. बहुधा आमच्यासारख्याच कुणा रेल्वेवाल्याला घोड्यावर बसवलंय.

तीस वर्षं दुसऱ्यांचा माल नापास केला आणि स्वतःचा न मोजता घेतला. डीलरला फोन केला. तो म्हणाला, "मलाही तसंच आलं होतं." शक्य आहे. परत घेणार नाही हेही ओघानं आलंच. वहीत लाल शाईनं ‘नाव बदललेलं’. ठेवून देणार आहे, विकणार नाही, कारण विकताना खरं सांगितलं तर घेणार कोण, आणि न सांगता विकणं म्हणजे तीच साखळी.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

मुंबई. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार. सकाळची डेक्कन क्वीन, मग काळा घोड्यापर्यंत चालत. अर्ज, ओळखपत्र, पेन्सिल. कागद जुना झाला की त्याला एक गोडसर वास येतो, तो नाकात घेऊन चार तास बसलो.

हाती लागलं ते असं. अधिकाऱ्यांच्या नेमणुका राजपत्रात छापल्या जात, म्हणून कोण कॅप्टन झाला आणि कोण मेजर, हे मिळतं. प्रायव्हेट, कॉर्पोरल यांचा तिथे पत्ता नाही. त्यांना पदक दिल्याचे हुकूम सैन्याच्या आदेशांच्या खंडात, आणि ते बघायचे तर लंडनचा रस्ता. त्यामुळे अकरा नंबरचं नाव आज तरी फक्त त्याच्या पदकाच्या कडेवर आहे. ती वितळली असती तर माझ्या लेखी तोही.

परतीच्या गाडीत खंडाळ्याच्या घाटात विचार करत होतो. जी. आय. पी.चं व्हॉलंटिअर दल १८७५ चं. कंपनीत गोरा किंवा अँग्लो-इंडियन माणूस ड्रायव्हर, गार्ड, फोरमन म्हणून लागला की दलात नाव घालायचं, हा बऱ्याच रेल्वे कंपन्यांत नोकरीचाच भाग होता. तरी त्याला म्हणायचं व्हॉलंटिअर. वर्षाला ठरावीक कवायती, ठरावीक गोळ्या चांदमारीत झाडल्या की तो ‘एफिशिअंट’, आणि जितके एफिशिअंट तितकं सरकारी अनुदान दलाला. म्हणजे अकरा नंबरला रविवारी सकाळी झोपून राहावंसं वाटलं तर साहेबाच्या हिशेबात खोट यायची. वीस वर्षं त्यानं ती येऊ दिली नाही.

आणि ज्यांना खरंच स्वेच्छेनं यायचं होतं त्यांना दार बंद. १८८६ ला कलकत्त्याला काँग्रेसचं दुसरं अधिवेशन भरलं, दादाभाई अध्यक्ष, तिथे ठराव झाला की हिंदी लोकांनाही व्हॉलंटिअर होऊ द्या. राजा रामपाल सिंग यांनी मांडला. पुढच्या अधिवेशनांतही ही मागणी होत राहिली. माझ्या अकरा पदकांच्या कडांवर एकही हिंदी नाव नाही, हे मी आज पहिल्यांदा त्या नजरेनं पाहिलं. इतकी वर्षं फक्त तुकड्या वाचत होतो.

शनिवार, ९ मार्च

तारीख बघून आठवलं. १९४३ ला आजच्याच रात्री कलकत्ता लाइट हॉर्सचे काही पोट सुटलेले मेंबर मुरगावच्या बंदरात घुसले होते. गोवा पोर्तुगीजांचं, पोर्तुगाल तटस्थ, आणि बंदरात अडकून पडलेली जर्मन जहाजं. त्यातल्या ‘एरेनफेल्स’वर गुप्त ट्रान्समीटर होता, हिंदी महासागरातल्या बोटींच्या खबरा पाणबुड्यांना जात होत्या. सरकारी सैन्य पाठवता येत नव्हतं, म्हणून हे हौशी. जहाजावर चढले, झटापट झाली आणि जर्मनांनी स्वतःच जहाजं बुडवली. १९७८ पर्यंत हे गुपितच राहिलं.

माझ्याकडच्या एफिशिअन्सी मेडलवर ‘इंडिया’ची पट्टी आहे पण तुकडी कलकत्त्याची नाही, त्यामुळे माझा त्याच्याशी संबंध शून्य. तरी हे पदक लोकांना दाखवलं की मी ही गोष्ट सांगतोच. मोह आवरत नाही.

मंगळवार, १९ मार्च

परदेशातून ईमेल. माझ्या फोटोंबद्दल एका ओळखीच्या संग्राहकाकडून कळलं म्हणे. ऑस्ट्रेलियात पर्थला राहणाऱ्या बाई, आडनाव अकरा नंबरचंच. त्यांचे पणजोबा जी. आय. पी.त ड्रायव्हर होते. स्वातंत्र्यानंतर कुटुंब गेलं. भुसावळ आणि इगतपुरी ही दोनच नावं घरात टिकली आहेत. पदक विकत मिळेल का, रक्कम तुम्ही सांगा.

नावाची आद्याक्षरं जुळत नाहीत. भाऊ असेल, चुलता असेल, कोणीच नसेल. त्यांनी एक फोटो पाठवलाय. खाकी गणवेशातली नऊ माणसं, मागे इंजिनाचा धुराडा. छातीवर कोणाच्याच पदक नाही. रांगेच्या टोकाला, अर्धा चौकटीबाहेर, फेटा बांधलेला एक माणूस पाण्याची बादली घेऊन. त्याच्याबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, आणि मी तरी काय विचारणार.

रविवार, २४ मार्च

होळी आज, पुरणपोळीनंतर झोप, मग कायदा वाचला. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा. शंभर वर्षं झालेली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, विकूनही नाही, भेट म्हणूनही नाही. राणीच्या काळातल्या दोघांचं उत्तर सरळ आहे. अकरा नंबरची गोम ही की ते १९२० ते १९३० मधलं, नेमकं साल पदकावर नाही. शंभर भरली असतील किंवा भरायची असतील. पोस्टाच्या खिडकीवर ‘साहेब, हे बहुतेक नव्व्याण्णव वर्षांचं आहे’ असं सांगण्याची माझी तयारी नाही.

बाईंना तसं लिहिलं. कडेचे चौदाच्या चौदा फोटो, मापं, वजन पाठवलं. त्यांनी आभार मानले. बरं वाटलं नाही. आमच्याकडे पडून आहे, त्यांच्याकडे भिंतीवर लागलं असतं.

रविवार, २१ एप्रिल

भुसावळ. आझाद हिंद अपरात्री उतरवते. उजाडेपर्यंत फलाटावर चहा पीत बसलो. नऊ वाजताच ऊन असं की पंधरा बंगला भागाकडे चालत जायची हौस फिटली. दफनभूमीत दीड तास. जी. आय. पी.चे ड्रायव्हर, त्यांच्या बायका, वर्षा-दोन वर्षांची मुलं, पटकी, हिवताप. अकरा नंबरचं आडनाव दोन दगडांवर, दोन्ही बायकांच्या. बाकीचे दगड उपडे, काहींवर धुणं वाळत होतं. राखणदार म्हणाला, "साहेब, जे पडले ते आम्ही उचलत नाही, खाली साप असतात."

दुपारी आत्याकडे. चौऱ्याऐंशीची आहे, कान गेलेत, जीभ शाबूत. कळण्याची भाकरी, शेवभाजी, वर उन्हात उकडलेला मी. जेवण झाल्यावर पदक तिच्या हातावर ठेवलं. तिनं डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं.

"हा राजा ना?"

"हो. आणि कडेला ज्याला मिळालं त्याचं नाव. इथल्याच शेडचा असेल, आत्या. ड्रायव्हर."

"मग हे आपल्याकडं कसं?"

"विकत घेतलं."

"किती?"

सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अण्णा संपात घरी बसले तेव्हा आईच्या पाटल्या गेल्या. तीसचा संप. मी नव्हते तेव्हा, पण आई मरेपर्यंत हात दाखवायची. गाड्या चालूच होत्या म्हणे, गोरे बंदुका घेऊन इंजिनावर बसायचे. त्यांचंच असेल हे."

तीसच्या फेब्रुवारीत जी. आय. पी.चा मोठा संप झाला हे खरं. बंदुकीवाले कोण होते, फौज, पोलीस की ऑक्झिलरी फोर्स, हे आत्याला आईकडून कळण्यासारखं नव्हतं. पण रेल्वेच्या या दलांचं काम मुळात तेच: गडबड झाली तर लाइन राखायची, गाडी चालू ठेवायची. १८९९ ला याच जी. आय. पी.च्या तारबाबूंनी संप केला होता, बरेचसे आपलेच मराठी लोक. केसरी-मराठानं त्यांची बाजू लावून धरली होती. राणीच्या वेळचं माझं एक पदक याच रेल्वेचं आहे. तो माणूस त्या महिन्यात कुठे उभा होता याचा अंदाज करायला कल्पनाशक्ती लागत नाही.

"त्यांचं तू कशाला जपतोस?" आत्यानं विचारलं.

मी म्हटलं, "नाहीतर वितळलं असतं."

"वितळू द्यायचं."

उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

निघताना तिनं सुनेला देव्हाऱ्याखालचा डबा काढायला सांगितला. त्यात जुनी रेशनकार्डं, मोडकी चष्म्याची काडी, आणि एक पितळी बिल्ला. "अण्णांचा. हजेरीला द्यायचे. हा परत द्यायचा राहिला. ने, तुला गोळा करायचंय ना."

रविवार, २८ एप्रिल

पर्थच्या बाईंना दोन्ही दगडांचे फोटो पाठवले.

रात्री मायक्रोमीटर काढला.

क्र. १२. हजेरीचा बिल्ला, पितळ, लंबगोल. लांबी ४४.६, रुंदी ३१.२ मिमी, जाडी १.५. वजन १२.९ ग्रॅम. ठोकलेला मजकूर: जी. आय. पी. आर., खाली लोको, त्याखाली ४१७. चारचा ठोका दोनदा पडलाय, पहिल्यांदा तिरका. डावी कड अंगठ्यानं झिजलेली. कडेवर मजकूर नाही. मागची बाजू कोरी. फीत नाही, भोकात तेलकट सुतळी, गाठ मूळची. सुतळी काढली नाही.